नव्या तांबड्या वाइनची परीक्षा आणि ‘तुरट’ या शब्दाचा इतिहास

पदार्थाची चव घेणे आणि पदार्थाची परीक्षा करणे या दोन भिन्न क्रिया होत. नव्या फ्रेंच तांबड्या वाइनच्या बाबतीत हा भेद विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येतो. बोर्दो प्रांतात शरद ऋतूत खुडलेल्या द्राक्षांची वाइन पुढील वसंतात, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची असताना, लाकडी पिंपातून काढून परीक्षकांपुढे ठेवली जाते. त्या वेळी ती पिण्याजोगी झालेली नसते. आजच्या घोटावरून दहा-वीस वर्षांनंतरची चव ताडणे हे परीक्षकाचे काम, आणि त्याच्या अनुमानावर तिचा भाव बऱ्याच अंशी अवलंबून असतो.

ही प्रथा फार पुरातन नाही. बोर्दोच्या वाइनांची १८५५ सालची प्रसिद्ध प्रतवारी पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त दलालांनी तयार केली. तिचा मुख्य आधार बाजारभाव हा होता, नव्या वाइनची जिव्हापरीक्षा नव्हे. पिंपातल्या वाइनवर जाहीर निवाडा देण्यास आजचे महत्त्व आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९८२ च्या हंगामातील बोर्दो वाइन कोवळी असतानाच रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ती दीर्घकाळ टिकेल की नाही याविषयी अन्य काही जाणकार साशंक होते. पार्कर यांची कीर्ती या एका निवाड्याने झाली असे म्हणावयास हरकत नाही.

हा निवाडा ज्या एका गुणावर मुख्यत्वे अवलंबून असतो त्यास फ्रेंच भाषेत ‘तानँ’ म्हणतात. हा शब्द मूळचा चर्मकाराच्या धंद्यातला. कातडे कमावण्यासाठी युरोपात ओकची साल वापरीत. आपल्याकडे बाभळीची व तरवडाची साल आणि हिरडा वापरीत आले आहेत. या द्रव्यांतील अंश कातड्यातील प्रथिनांशी संयोग पावतो. द्राक्षाच्या सालीतून व बीतून वाइनमध्ये उतरणारा अंश लाळेतील प्रथिनांना तसाच जखडतो. लाळेचा ओलसर निसरडेपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटू लागते. म्हणूनच आधुनिक शास्त्रज्ञ याची गणना रसापेक्षा स्पर्शात करतात.

चरकसंहितेत कषाय हा सहा रसांपैकी एक मानलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. तथापि सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायातील त्याचे लक्षण बारकाईने पाहण्याजोगे आहे. जिभेला येणारा ताठरपणा व जडपणा आणि कंठ आवळल्यासारखा होणे, अशा शब्दांत ते दिलेले आहे. म्हणजे कषायाला रसांच्या पंक्तीत बसविले असले, तरी त्याचे वर्णन स्पर्शाच्या भाषेतच केलेले आहे. पुढच्याच अध्यायात नवे मद्य बहुधा जड व दोषांना चाळविणारे, तर जुने मद्य हलके, रुची व अग्नी वाढविणारे असा भेद सांगितला आहे. अर्थात हा निर्णय वैद्याचा आहे. बोर्दोच्या परीक्षकाचा नव्हे. वैद्य नव्या मद्याचा आजचा परिणाम पाहतो, परीक्षक त्याचे भवितव्य पाहतो.

अमरकोशात कषायाचा पर्याय ‘तुवर’ असा दिलेला आहे. मराठी ‘तुरट’ हा त्याच कुळातला शब्द. ‘तुरटी’ या पदार्थाचे नावही त्या गुणावरूनच पडले. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणाऱ्या कुंभारीसारख्या गावाच्या परिसरात हाच गुण तीन नावांनी ओळखला जातो: मराठीत तुरट, कानडीत ओगरु आणि तेलुगूत वगरु. २००६ साली येथे विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तेव्हापासून सोलापूर शहरातील तेलुगू बोली या गावाच्या आणखी निकट आली. वाइन येथील नित्याचे पेय नाही. परंतु कोवळी सुपारी, आवळा, जांभूळ व कच्चे केळे यांच्या द्वारे तुरट रसाची सूक्ष्म ओळख येथील प्रत्येक जिभेला आहे.

मात्र द्राक्षाच्या बाबतीत सोलापूरची दृष्टी वेगळ्या वळणाने घडली. शहराच्या उत्तरेस असलेल्या नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ ही बिनबियांच्या द्राक्षांची जात निवडून वाढविली. खावयाच्या द्राक्षाचा आदर्श गोडी, पातळ साल आणि बीचा अभाव हा होता. तांबड्या वाइनला तर सालीची व बीची गरज असते. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केल्यानंतर महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात, अकलूजच्या परिसरात, इटली, दिल्ली व अकलूज येथील भावाभावांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ हा उद्योग उभारला. तेथे काबर्ने सोव्हिन्यों या बोर्दोच्या जातीचीही लागवड झाली.

येथे परीक्षेचा प्रश्न शेतकऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. फ्रान्समध्ये द्राक्षे शरदात पिकतात; महाराष्ट्रात दुहेरी छाटणीनंतर ती साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात खुडली जातात. उष्ण हवेत साखर लवकर भरते, परंतु बी व साल त्या मानाने मागे राहतात. केवळ साखर मोजून खुडलेले द्राक्ष गोड असूनही त्याची वाइन ओबडधोबड होऊ शकते. बी हिरवट की तपकिरी, ती चावली असता कडवट लागते की खमंग, हे पाहणे म्हणूनच मोजणीइतकेच आवश्यक ठरते.

नव्या वाइनच्या परीक्षेतील कळीचा भेद हाच आहे, आणि तो व्यक्त करण्यास मराठी असमर्थ नाही. तुरटपणा दोन प्रकारचा असतो. एक कच्चेपणाचा: हिरव्या जांभळासारखा, रसाचा आधार नसलेला, कालांतरानेही न निवळणारा. दुसरा न मुरलेपणाचा: पिकल्या फळातून आलेला, रसाने भरलेला, पण अद्याप सुटा असलेला. बरणीतील नव्या लोणच्याची फोड चाखून ते कसे मुरेल हे सांगणारी गृहिणी हाच भेद करीत असते. कैरी निवडण्यात चूक झाली असेल तर मुरणे ती भरून काढीत नाही, हे ती जाणते.

वाइनचे वर्णन करताना आपल्याकडे परकीय फळाफुलांच्या नावांची उसनवारी बरीच होते. ज्याने ब्लॅककरंट कधी पाहिले नाही, त्याला त्या नावाने काहीच बोध होत नाही. ‘कच्चे’ आणि ‘न मुरलेले’ हा भेद मात्र बोर्दोच्या परीक्षकाला जितका कळतो, तितकाच अकलूजच्या बागाइतदाराला कळतो. आपल्या मालाची प्रत जो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो, त्याला तिच्या भावाविषयीही बोलता येते. जो सांगू शकत नाही, त्याला दुसऱ्याची मोजणी मान्य करावी लागते.