फादर नसलेले रविवार

वसईच्या किनाऱ्यावरच्या माणसाला 'पॅरिश' म्हटलं की आधी चर्च दिसतं. पांढरं, उंच, पुढे मोठं पटांगण, बाजूला शाळा, मागे दफनभूमी. आमच्या मराठीत त्याला धर्मग्राम म्हणतात, पण बोलताना आम्ही गाव आणि चर्च यांत फरक करत नाही. माझं बालपण अशाच एका धर्मग्रामात गेलं. पुढे नोकरीसाठी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात बरीच वर्षं काढली. साखरशेतच्या बाजूचे पाडे पायाखाली घातले. तिथं पाहिलं की धर्मग्राम चर्चवाचूनही उभा राहतो. मग घरी परतून वसईचा इतिहास पुन्हा वाचला, तेव्हा उमगलं की आपणही एकदा असेच उभे राहिलो होतो.

कागदावर हे दोन्ही मुलूख एकाच धर्मप्रांतात येतात. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, बिशप थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप. पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं. त्या धर्मप्रांतात वसईची केळीची वाडी आली आणि मोखाड्याची नागलीची वरकस जमीनही आली. मध्ये अंतर शंभरेक किलोमीटरचं. महामार्गानं मनोर, तिथून विक्रमगड, मग वळणं चढत जव्हार. समुद्र सुटतो, साडेचारशे मीटर उंची येते, आणि माणसंही बदलतात. खाली कुपारी, वाडवळ, कोळी. वर वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. खालच्यांची ख्रिस्ती ओळख साडेचारशे वर्षांची. वरच्यांतली ख्रिस्ती घरं थोडी, आणि ती एकदोन पिढ्यांचीच.

वर फादर दर रविवारी येऊ शकत नाहीत. एकेकाकडे पाडे किती, आणि पाडे तरी कसे! एक या टेकडीवर, दुसरा त्या वहाळापलीकडे. पावसाळ्यात वहाळ भरला की दोन-दोन दिवस वाट बंद. मग रविवारी कुणाच्या तरी ओटीवर माणसं जमतात. शेणानं सारवलेली जमीन, कुडाच्या भिंतीवर एक क्रूस, कोपऱ्यात नागलीची कणगी. वाचता येणारा एखादा पोरगा शुभवर्तमान वाचतो. अक्षर अडलं की थांबतो, सगळे त्याच्यासाठी थांबतात. मग एखादी म्हातारी विनंत्या सांगते. तिच्या विनंत्या साध्या असतात: पाऊस वेळेवर पडो, भट्टीवरची पोरं सुखरूप येवोत, अमकीची गाय सापडो. एकदा मी तिथल्या एका आजोबांना विचारलं, "फादर नसले की सुनं सुनं वाटत नाही का?" ते म्हणाले, "फादर महिन्यातून येतो मास्तर. देव काय महिन्यातून येतो व्हय?"

हे ऐकताना मला १७३९ साल आठवलं.

वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली. पुढची २०५ वर्षं किल्ल्यात आणि गावोगावी चर्चं उभी राहिली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, सगळ्यांचे मठ किल्ल्यात होते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज बोटींत बसून निघून गेले. त्यांच्याबरोबर गोरे धर्मगुरू गेले, मठ ओस पडले. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. पण मुभा असली तरी चर्च चालवणारं कोण? गोव्याकडचे थोडे देशी धर्मगुरू आणि भोवती पसरलेली गावं, एवढंच उरलं.

घंटासुद्धा गेल्या. मराठ्यांनी जिंकलेल्या मुलखातल्या चर्चच्या घंटा देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. भीमाशंकरला एक घंटा आहे. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर एक आहे. गोदावरीला पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का, असं नाशिककर विचारत आले आहेत. साखरशेतहून मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला जाता येतं. म्हणजे वरच्या पाड्यावरच्या माणसाला मोठी घंटा ऐकायची तर ती जुन्या चर्चची, पण देवळातली. यात कुणाला बोल लावायचा माझा हेतू नाही. त्या काळी लढाया तशाच होत. प्रश्न वेगळा आहे: घंटा गेल्यावर रविवार झाला हे लोकांना कोण सांगत होतं?

लोकच एकमेकांना सांगत होते. आमच्या गावांत आळीच्या तोंडाशी क्रूस असतो, दगडी, चुना लावलेला. मे महिन्यात संध्याकाळी आळीतली माणसं तिथं जमतात, जपमाळ म्हणतात, शेवटी पोरांना चणे वाटतात. तिथं फादर लागत नाही. आळीतली वडीलधारी बाई सुरुवात करते. बाप्तिस्म्याचंही तसंच आहे. मूल दगावण्याचं भय असेल तर कुणीही, अगदी सुईणीनंसुद्धा, पाणी ओतून बाप्तिस्मा द्यावा, असा चर्चचा नियमच आहे. नियम रोममध्ये लिहिला गेला, पण त्याची किंमत कळते ती रात्री, पावसात, जव्हारचं रुग्णालय दूर असताना.

आता एक दूरची गोष्ट सांगतो, पण ती वसईचीच आहे. गोन्सालो गार्सिया हा वसईचा पोरगा. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानला गेला, व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात शिरला. तो धर्मगुरू कधीच झाला नाही, साधा ब्रदर राहिला. भाषा चांगली यायची म्हणून फादर लोकांचा दुभाष्या. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर दिलं, त्यात तो होता. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे.

पुढचा भाग आमच्याकडे कमी सांगितला जातो. १६१४ पासून जपानात ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली. फादर हाकलले गेले, उरले ते मारले गेले. नंतरची दोनशेच्या वर वर्षं तिथल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी फादरवाचून काढली. गावात एकानं सणवारांची तारीख सांभाळायची, एकानं बाप्तिस्म्याचं पाणी द्यायचं, अशी कामं वाटून घेतलेली. मार्च १८६५ मध्ये नागासाकीला नव्या औरा चर्चमध्ये काही गावकरी हळूच आले आणि तिथल्या फ्रेंच फादरांना म्हणाले, आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे. ते चर्च त्याच २६ हुतात्म्यांच्या नावानं बांधलेलं, म्हणजे आमच्या गोन्सालोच्याही. वसईच्या एका ब्रदरच्या नावाच्या चर्चमध्ये फादर नसलेल्या लोकांनी तोंड उघडलं. मला तर यात साखरशेतची ओटीच दिसते.

माणसं टिकतात ती भाषेवर. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला आणि त्यानं मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. १६१६ साली ते राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. धर्म बदललेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला, म्हणायला काही हवं होतं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. पुराण आपल्यापर्यंत आलं ते हातानं उतरवलेल्या प्रतींतून. कुणीतरी रात्री दिव्याशी बसून ओवीमागून ओवी उतरवली, तेव्हा ते वाचलं. १६८४ साली तर गोव्याच्या व्हॉइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. हुकूम विरला, बोली राहिली.

लहानपणी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय की मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. फादर वेदीकडे तोंड करून पुटपुटत, आणि बाया मागे मराठीत जपमाळ ओढत. १९६३ च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेला दार उघडलं, आणि मराठी वेदीवर आली. त्याच मराठीचं बोट धरून नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिक चालवत, बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत पुढे गेले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

वर डोंगरात मात्र आमची ही मराठीसुद्धा पाहुणीच आहे. घरात वारली बोली, शाळेत आणि प्रार्थनेत पुस्तकी मराठी. 'पुनरुत्थान' हा शब्द तिथल्या पोराच्या तोंडात बसायला वेळ लागतो. पण एकदा नाताळात पाड्यावरच्या बायांनी गाणं धरलं, आणि चाल आमच्या गायनपुस्तकातली नव्हती. लग्नात धवलेरी जी लांबवून गाते, त्या वळणाची होती. शब्द मारियेच्या बाळंतपणाचे. आमच्यातला एक पाहुणा माझ्या कानाशी लागला, "हे चालतं का हो?" मी म्हटलं, "आपल्या आयांनी लग्नात उंबराचं पाणी आणलं ते चालतंच की."

धान्याचंही तसंच. वसईत ऑक्टोबरात आगेरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा, मग नवं जेवायचं. डोंगरात पावसाळ्यातली पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. कणसरी ही त्यांची धान्याची देवी. एकाच घरात थोरला भाऊ भगताकडे जातो आणि धाकटा प्रार्थनेला येतो, आणि दोघंही पहिली भाजी दाखवल्याशिवाय खात नाहीत. बाहेरच्यांना यात भांडण शोधायची घाई असते. घरातल्यांना रोज एका चुलीवर भाकरी भाजायची असते.

आता मुद्द्याचं. दिवाळी झाली की हे पाडे रिकामे होऊ लागतात. भात झोडून झालेलं असतं, नागली, वरई घरात आलेली असते, आणि ती चार महिनेही पुरत नाही. मुकादमाकडून बयाणा घेतलेला असतो. टेम्पोत भांडी, कोंबड्या, पोरं घालून घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. हजार विटांमागे भाव, आठवड्याला खावटी, आणि हिशेब शेवटी. शिमग्याला जमलं तर चार दिवस घरी, नाहीतर थेट पावसाच्या तोंडाशी. १९९२ साली वावर-वांगणीला कुपोषणानं पोरं दगावली तेव्हा जव्हारचं नाव देशभर झालं. पोट भरण्यासाठीची ही वणवण मात्र आजही चालू आहे.

म्हणजे नाताळ येतो तेव्हा पाड्यावर म्हातारे, आणि पुनरुत्थानाचा सण येतो तेव्हाही म्हातारेच. बाकीचा धर्मग्राम भिवंडीत, वाड्यात आणि आमच्या वसई-विरारच्या आसपास विटा पाडत असतो. आमची नवी घरं, सभागृहं, चर्चच्या कुंपणाच्या भिंती कुणाच्या हातच्या विटांच्या आहेत, हे आम्ही विचारत नाही. एका भट्टीवर शेकोटीशी बसून पाच-सहा माणसं प्रार्थना म्हणताना मी पाहिली आहेत. कोळशाच्या राखेनं हात काळे, पोर मांडीवर झोपलेलं. तिथून नाताळच्या रोषणाईचं चर्च दिसत होतं. मी विचारलं, "तिकडे का नाही गेलात?" बाई म्हणाली, "कपडे नाहीत तसे. आन् आमाला तिथं वळखतं कोण?"

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. वर त्यांच्याकडे फादर क्वचित येतात, आणि खाली चर्च दिसत असून ती आत जात नाहीत. १७३९ नंतर आमच्या पणजोबांच्या पणजोबांना कुणी विचारलं असतं की तुमचा धर्मग्राम कुठे आहे, तर त्यांनी पडक्या भिंतीकडे बोट दाखवलं नसतं. आळीतल्या क्रुसाशी जमलेली माणसं दाखवली असती. त्या माणसांच्या जिवावर आज आमच्याकडे घंटा आहेत, बँड आहेत, सणाला मांडव आहेत. भट्टीवरची माणसं नेमकं तेच करताहेत, आमच्या डोळ्यांसमोर.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. आपल्या हद्दीत भट्ट्या किती, त्यांवर साखरशेत-मोखाड्याकडची घरं कोणती, एवढं प्रत्येक धर्मग्रामानं दिवाळीनंतर चालत जाऊन पाहावं. नाताळात चर्चमध्ये या म्हणून घरी जाऊन बोलावणं करावं, जसं लग्नाचं करतो तसं. आणि एखाद्या रविवारी आपणच त्यांच्या शेकोटीशी जाऊन बसावं. वाचणारा पोरगा अडखळला तर थांबावं. फादर नसताना रविवार कसा पाळायचा हे आपण विसरत चाललो आहोत, आणि त्यांना ते अजून येतं.