डोक्यातलं पाणी घशात



दिवाळीनंतर आमच्या नेरच्या घरात कापूस येऊन पडतो. समोरची खोली छतापर्यंत भरते आणि त्याच सुमारास सासूबाईंचं खाकरणं सुरू होतं. सर्दी म्हणावी तर नाक वाहत नाही. घशात मात्र सारखं काहीतरी उतरत राहतं. उन्हाळ्यात कुलर लागला की पुन्हा तेच.

मंदिरात स्वाध्यायाचं वाचन वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी एकाच ओळीत तीनदा थांबावं लागलं, तेव्हा त्यांनी पोथी शेजारणीच्या हाती दिली आणि मागे जाऊन बसल्या. पुढं जाणंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "डोक्यातलं पानी घशात उतरते, त्याले काय करतं बाई!"

तेव्हा मी हसले होते. पण नंतर वाचायला बसले तर कळलं, सासूबाईंचं मत जुन्या युरोपातल्या मोठमोठ्या वैद्यांचंही होतं. सर्दीला इंग्रजीत 'कॅटार' म्हणतात, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच खाली वाहणं. मेंदूत थंड कफ साठतो आणि नाकाच्या वरच्या चाळणीसारख्या हाडातून झिरपून खाली येतो, अशी समजूत होती. 1543 साली शरीररचनेचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा वेसालियससुद्धा मेंदूखालच्या एका ग्रंथीला कफ गोळा करणारी ग्रंथीच समजला. आजही तिला पिट्युटरी म्हणतात, म्हणजे कफाची! समज गेला, नाव तेवढं राहिलं.

हा समज मोडला जर्मनीतल्या विटेनबर्गच्या श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने. 1660 पासून त्याने या एकाच विषयावर अनेक खंड लिहिले. मेंदूतून नाकात कफ यायला वाटच नाही, तो नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरातच तयार होतो, हे त्याने दाखवलं. त्या अस्तराला अजून त्याचं नाव आहे. हा कफ निरोगी माणसाच्याही नाकात दिवसभर तयार होतो. अस्तरावरचे बारीक केस तो घशाकडे ढकलतात आणि आपण नकळत गिळतो. धूळ, धूर, कोरडी हवा, अॅलर्जी यांनी तो वाढला किंवा घट्ट झाला की मग जाणवायला लागतो. सुश्रुतसंहितेत पडशाला प्रतिश्याय म्हटलंय. त्याचे पाच प्रकार दिलेत आणि कारणांत धूर, धूळ, थंडी ही नावं स्पष्ट आहेत. कापसाच्या खोलीत उभं राहून ते वाचावं, लगेच पटतं.

आता औषधाचं. कफ म्हटला की जो तो मध चाटायला सांगतो. आपल्याकडे मध नाही, ओलं आलं नाही, आणि सूर्यास्तानंतर तोंडात काहीच नाही. मग जैन बाईने करावं काय? हा प्रश्न नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनाही पडला होता. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले हे आचार्य. त्यांनी मद्य, मांस, मध टाळून 'कल्याणकारक' नावाचा अख्खा वैद्यकग्रंथ रचला. तो 1940 मध्ये आपल्या सोलापुरातून छापला गेला. सुंठ, मिरे, पिंपळी आपल्याला चालतात. सासूबाईंना सुंठेच्या गरम पाण्याने बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच.

मध्येच माझी एक चूक सांगते. नाक मोकळं करणारे थेंब मी दुकानातून आणले आणि दोन महिने घालत राहिले. ते तीन-चार दिवसांच्या वर घालायचे नसतात. औषध उतरलं की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं. ते सुटायला आणखी तीन आठवडे गेले.

उपयोग झाला तो नाक धुण्याचा. हठयोगाच्या ग्रंथात नेती आहे, पण ती सुताची. नाकातून सूत घालून तोंडातून काढायचं, आपलं काम नाही ते! पाण्याची नेती सोपी. 1924 साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि अशा क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आज नाक-कान-घशाचे डॉक्टरही मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात.

पण पाणी कुठलं? 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या साध्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसं दगावली. पाण्यातला एक अतिसूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूत गेला होता. तेच पाणी पोटात गेलं असतं तर काही झालं नसतं. तेव्हापासून तिकडचं सरकार सांगतं की पाणी उकळलेलंच घ्या, झाकून ठेवा आणि 24 तासांत वापरा. हे वाचून मी पातेल्याकडे बघतच राहिले. गाळून उकळलेल्या पाण्याची आपली मर्यादाही चोवीस तासांचीच! आपला नियम जीवदयेचा आहे, नाकासाठी कुणी केलेला नाही. पण पाणी घरात तयार होतं, हे खरं.

आम्ही पाव लिटर कोमट पाण्यात अर्ध्या छोट्या चमच्याहून थोडं कमी मीठ घालतो. मीठ अंदाजे टाकू नका, कमी पडलं तरी नाक झोंबतं. वाकून, मान तिरकी करून, तोंडाने श्वास घेत एका नाकपुडीतून पाणी सोडायचं, ते दुसरीतून बाहेर येतं. नंतर नाक जोरात शिंकरायचं नाही, कान दडपतात. सूर्यास्तापूर्वी उरकायचं, कारण थोडं पाणी घशात उतरतंच.

कापूसही आता मागच्या गोठ्यात ठेवतो. त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला, तो वेगळाच!

2006 मध्ये अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांनी या दुखण्याचं नावच बदललं, कारण खोकला नेमका घशात उतरणाऱ्या कफानेच येतो असं खात्रीने सांगता येईना. पोटातलं आम्ल वर आलं तरी घसा असाच खाकरावा लागतो. त्यात आपलं दिवस असतानाचं जेवण कामी येतं. पण दिवसभर पाणी प्यायचं विसरून संध्याकाळी घाईने दोन तांबे पिणं, ही आपली सवय काही कामाची नाही. रक्त दिसलं, एकाच नाकपुडीतून घाण वास येणारं पाणी आलं किंवा आवाज बसून तीन आठवडे झाले, तर नेती करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंचं खाकरणं पूर्ण गेलेलं नाही. पण मागच्या चातुर्मासात त्यांनी पोथी परत मागून घेतली. दोन पानं वाचतात, थांबतात, मग पुढची दोन मी वाचते.