मार्गारिटा

मार्गारिटा : टेकिला या मद्यात संत्र्याच्या सालीचा स्वाद असलेले लिक्युअर व लिंबाचा रस मिसळून तयार करण्यात येणारे एक मिश्रपेय. काठाला मीठ लावलेल्या पेल्यातून ते देतात. मेक्सिको व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या सीमाप्रदेशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते रूढ झाले आणि पुढे मेक्सिकोची ओळख म्हणून जगभर पसरले. या पेयाच्या जनकत्वाविषयी पुष्कळ वाद झाला आहे. परंतु त्याचा खरा इतिहास व्यक्तींपेक्षा त्याच्या घटकद्रव्यांत आढळतो. मीठ वगळता त्यातील तीन घटकांपैकी केवळ एकच मूळचा मेक्सिकोचा असून, या पेयाच्या लोकप्रियतेचा सर्व भार त्या एकाच वनस्पतीवर पडलेला आहे.

जनकत्वाचा वाद : टिव्हाना शहराजवळील आपल्या उपाहारगृहात एका नर्तकीसाठी हे पेय सु. १९३८ मध्ये प्रथम तयार केल्याचे डॅनी हेरेरा सांगत असे. सिउदाद हुआरेस येथील मद्यगृहात १९४२ मध्ये आपण ते बनविले, असा पान्चो मोरालेस याचा दावा होता. डॅलस येथील मार्गारेट सेम्स या धनिक महिलेने १९४८ मध्ये आकापुल्को येथील आपल्या घरी पाहुण्यांसाठी ते सिद्ध केल्याचीही कथा आहे. यांपैकी कोणताही दावा निर्णायक मानता येत नाही. कारण लंडनमध्ये १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅफे रॉयल कॉकटेल बुक’ या ग्रंथात ‘पिकाडोर’ या नावाने टेकिला, संत्र्याचे लिक्युअर व लिंबाचा रस यांचे हेच मिश्रण आधीच दिलेले आहे. अधिक संभाव्य उपपत्ती नावातच दडलेली आहे. मद्य, आंबट फळाचा रस व गोड घटक यांपासून बनणाऱ्या पेयांचा ‘डेझी’ हा वर्ग अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून परिचित होता, आणि डेझीच्या फुलाला स्पॅनिश भाषेत ‘मार्गारिता’ म्हणतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात मद्यबंदी असल्याने तेथील लोक सीमा ओलांडून टिव्हानासारख्या शहरांत येत. तेथे परिचित डेझीत नेहमीच्या मद्याऐवजी टेकिला घातली गेली आणि पेयाला स्थानिक भाषेतील नाव मिळाले, असे अनेक अभ्यासक मानतात.

घटकांचा इतिहास : टेकिलाचा उगम ॲगेव्ह प्रजातीतील वनस्पतींत आहे. महाराष्ट्रात कुंपणासाठी लावली जाणारी व जिच्या पानांपासून वाख काढतात ती घायपात याच प्रजातीतील होय. स्पॅनिश आगमनापूर्वीपासून मेक्सिकोतील लोक ॲगेव्हचा गोड रस आंबवून ‘पुल्के’ हे सौम्य पेय तयार करीत. ऊर्ध्वपातनाची कला मात्र बाहेरून आली. स्पॅनिशांनी ती आणली, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. मानिला व आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ या काळात चाललेल्या जहाजवाहतुकीबरोबर फिलिपीन्समधील लोकही मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. माडी गाळण्याची त्यांची साधी भट्टी ॲगेव्हच्या मद्यासाठीही वापरली गेली असावी, असे मत आता मांडले जाते.

लिंबाचा प्रवास याहून लांबचा आहे. ‘मेक्सिकन लिंबू’ म्हणून ओळखले जाणारे फळ आणि महाराष्ट्रातील कागदी लिंबू ही एकाच जातीची होत. आग्नेय आशियात उगम पावलेली ही जात अरबांच्या द्वारे भूमध्य सागराच्या परिसरात व तेथून स्पॅनिशांबरोबर अमेरिका खंडात पोहोचली. मेक्सिकोत कोलिमा व मिचोआकान या राज्यांत तिच्या मोठ्या बागा आहेत. संत्र्याच्या सालीपासून बनणारे स्वच्छ, रंगहीन लिक्युअर ही एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सची देणगी होय.

टेकिलाची निर्मिती : हालिस्को राज्यातील टेकिला या गावावरून मद्याला हे नाव मिळाले. तेथील कुएर्व्हो घराण्याला स्पॅनिश राजाकडून १७९५ मध्ये मद्यनिर्मितीचा परवाना मिळाला. टेकिलासाठी निळसर पानांची ‘ॲगेव्ह टेकिलाना’ ही एकच जात वापरतात. ती पक्व होण्यास साधारणतः सहा ते आठ वर्षे लागतात. ‘हिमादोर’ म्हणून ओळखले जाणारे कुशल मजूर ‘कोआ’ या लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या हत्याराने पाने छाटून मधला गड्डा वेगळा करतात. अननसाशी साम्य असल्याने त्याला ‘पिन्या’ म्हणतात. पिन्या भट्टीत शिजविल्या म्हणजे त्यांतील इन्युलीनाचे शर्करेत रूपांतर होते. नंतर त्या चिरडून रस काढतात, त्याचे किण्वन करतात व सामान्यतः दोनदा ऊर्ध्वपातन करतात. किमान दोन महिने लाकडी पिंपात ठेवलेल्या टेकिलाला ‘रेपोसादो’ व किमान एक वर्ष ठेवलेल्या टेकिलाला ‘आन्येहो’ म्हणतात.

मेक्सिको सरकारने १९७४ मध्ये टेकिला या नावाला उत्पत्तिस्थानाचे कायदेशीर संरक्षण दिले. त्यानुसार हालिस्को व अन्य चार राज्यांतील ठरावीक भागांबाहेर बनलेल्या मद्याला हे नाव देता येत नाही. मात्र किण्वनासाठी लागणाऱ्या शर्करेपैकी ५१ टक्के ॲगेव्हची असली, तरी नियमाची पूर्तता होते; उरलेली उसासारख्या अन्य पिकांची चालते. केवळ ॲगेव्हपासून बनलेल्या टेकिलावर तसा स्पष्ट उल्लेख असतो.

कृती : पेल्याच्या काठाला लिंबाची फोड फिरवून तो जाड्या मिठात टेकवितात. टेकिला ५० मिलि., संत्र्याचे लिक्युअर २० मिलि. व ताज्या लिंबाचा रस १५ मिलि. ही द्रव्ये बर्फासह झाकणबंद भांड्यात जोराने हलवितात व गाळून पेल्यात ओततात. लिक्युअर गोड असल्याने वेगळी साखर घालत नाहीत. मिठामुळे पेयातील कडवट छटा सौम्य होते. खुद्द मेक्सिकोत याहून साधे ‘पालोमा’ हे पेय अधिक प्रमाणात पितात. त्यात टेकिला, लिंबाचा रस, चिमूटभर मीठ व ग्रेपफ्रूट या पपनसवर्गीय फळाच्या स्वादाचे सोडापेय एकत्र करतात. टेकिला नुसती घोट घोट पिण्याचीही तेथे प्रथा आहे.

प्रसार व परिणाम : ‘एस्क्वायर’ या अमेरिकन नियतकालिकाने १९५३ मध्ये मार्गारिटाची कृती छापली. पुढे १९७१ मध्ये डॅलस येथील मारिआनो मार्टिनेझ या उपाहारगृहचालकाने आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून गोठविलेली मार्गारिटा तयार करणारे यंत्र बनविले. यामुळे अल्पवेळात शेकडो पेले भरणे शक्य झाले. ते यंत्र २००५ पासून वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पेला काही क्षणांत भरता येतो. वनस्पती मात्र सहा-आठ वर्षांखाली तयार होत नाही. या तफावतीमुळे हालिस्कोतील शेतकऱ्याला तुटवडा व अतिउत्पादन यांचे चक्र सतत सोसावे लागते. भाव चढले की लागवड वाढते, आणि पीक हाती येईपर्यंत बाजार भरून भाव कोसळतात. दुसरा धोका जैविक आहे. शर्करा गड्ड्यात टिकावी म्हणून फुलोऱ्याचा दांडा उगवताच छाटला जातो व लागवड मुनव्यांपासून करतात. परिणामी सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखी असतात. १९९० नंतरच्या दशकात कवक व जंतू यांच्यामुळे होणाऱ्या रोगांनी लागवडीचे मोठे नुकसान केले, आणि २००० च्या सुमारास ॲगेव्हचे भाव अनेक पटींनी वाढले. फुले नाहीशी झाल्याने त्यांच्या मधावर जगणाऱ्या व परागण करणाऱ्या वटवाघळांचे अन्नही तुटते. म्हणून शेतातील थोडी झाडे फुलू देण्याचा प्रयोग काही उत्पादकांनी हाती घेतला आहे.

टेकिला परिसरातील ॲगेव्हची शेते व जुन्या भट्ट्या यांचा युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशात समावेश केला. नाव, भूमी व भट्टी यांना अशा रीतीने संरक्षण लाभले आहे. ज्या वनस्पतीमुळे या सर्वांना मोल आले, तिच्यातील जैविक विविधता पुन्हा निर्माण करण्याचे कार्य मात्र अद्याप प्रारंभिक अवस्थेतच आहे.