बिंबिकांवरचा जुना शिक्का

डेंग्यूच्या तापात घरातली माणसं प्लेटलेट्सचा, म्हणजेच बिंबिकांचा, आकडा दिवसातून दोनदा विचारतात, कारण तो उतरला की रक्तस्राव होईल ही धास्ती असते. बिंबिका म्हणजे रक्त गोठवणारी पेशी, हे आपण शाळेपासून धरून चाललो आहोत. ही ओळख जूल्यो बित्सोत्सेरोची. 1865मध्ये माक्स शुल्त्सेने आणि 1874मध्ये विल्यम ऑस्लरने हे सूक्ष्म कण पाहून नोंदले होते, पण ते कशासाठी असतात हे कोडंच होतं. तुरीन शहरात काम करणाऱ्या बित्सोत्सेरोने 1882च्या सुमारास जिवंत प्राण्याच्या आतड्याच्या पडद्यातली बारीक रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तिला इजा केली, आणि वाहत्या रक्तातल्या बिंबिका जखमेच्या जागी येऊन चिकटताना, मग त्यांचा ढीग होताना पाहिला. प्रयोग इतका लख्ख होता की बिंबिकांवर एकाच कामाचा शिक्का बसला. यकृताच्या आजारात त्यांचाही हात असू शकतो, हा प्रश्न त्या शिक्क्यामुळेच फार उशिरा विचारला गेला, असं माझं मत आहे.

यकृताचे डॉक्टर बिंबिका मोजत नव्हते असं नाही. सिऱ्हॉसिसमध्ये प्लीहा सुजते, बिंबिका तिच्यात अडकतात आणि रक्तातला आकडा घसरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो आकडा नेहमी आजाराचा परिणाम म्हणूनच वाचला गेला. 1980मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग यांनी 20 रुग्णांच्या यकृताचं वर्णन केलं. दारुड्याच्या यकृतासारखी चरबी आणि दाह, पण दारूचा पत्ता नाही. त्यानंतर चर्चा लठ्ठपणा, मधुमेह आणि इन्सुलिन यांभोवती फिरत राहिली, आणि ते रास्तच होतं. बिंबिका मात्र त्या चर्चेच्या कडेलाच राहिल्या. हिपॅटायटिस बीच्या उंदीर-प्रारूपात त्या यकृताच्या नुकसानीला हातभार लावतात, हे 2005मध्ये पुढे आलं. फॅटी लिव्हरपुरता मोठा पुरावा 2019चा, झुरिक आणि हायडेलबर्गच्या संशोधकांचा. उंदरांमध्ये यकृताचा दाह आणि पुढचा कर्करोग यांसाठी बिंबिकांचं चिकटणं, चेतवलं जाणं आणि त्यांच्या पोटातला रासायनिक माल निर्णायक ठरला. त्यांचा ढीग होणं मात्र नाही. म्हणजे बित्सोत्सेरोने पाहिलेल्या दृश्याचा पहिला अर्धा भाग इथेही घडत होता, आणि वैद्यकाने नाव ठेवलं होतं दुसऱ्या अर्ध्याचं.

साधनंच नव्हती तर प्रश्न विचारणार कोण, असं कुणी म्हणेल. जनुक बदललेले उंदीर एकोणिसाव्या शतकात मिळत नव्हते, हे मान्य. पण 1980 आणि 2005 यांमधली पंचवीस वर्षं केवळ साधनांच्या खात्यावर टाकता येत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उंदराचं यकृत म्हणजे माणसाचं नव्हे, आणि बिंबिका यकृताच्या वैरीच आहेत असंही नाही. यकृताचा तुकडा कापल्यावर ते पुन्हा वाढण्यासाठी त्यांनी वाहून आणलेलं सेरोटोनिन लागतं, हे 2006मध्ये उंदरांतच दिसलं होतं. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे. 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या चाचणीत फॅटी लिव्हर असलेल्या पण सिऱ्हॉसिस नसलेल्या 80 जणांपैकी काहींना सहा महिने बिंबिकांना आवरणारं ॲस्पिरिन रोज 81 मिलिग्रॅम दिलं. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी 6.6 टक्के-बिंदूंनी उतरली, तर निव्वळ बनावट गोळी घेणाऱ्यांची 3.6ने चढली. आशादायक खरं, पण सहा महिन्यांत यकृतावरचा व्रण किंवा कर्करोग मोजता येत नाही.

शिवाय ॲस्पिरिन मुख्यतः रोखतं ते ढीग होणं. 2019च्या अभ्यासात बोट ठेवलं गेलं ते बिंबिकेच्या पृष्ठभागावरच्या ग्लायकोप्रोटीन वन-बी-अल्फावर. त्याला प्रतिपिंडाने अडवल्यावर उंदरांचं यकृत सुधारलं. पण याच रेणूच्या आधारे बिंबिका फाटलेल्या रक्तवाहिनीला धरतात. तो ज्यांच्यात जन्मतःच सदोष असतो त्यांचा आजार 1948मध्ये पॅरिसच्या बर्नार आणि सूलिए यांनी नोंदवला, आणि त्या रुग्णांना साध्या खरचटण्यानेही रक्तस्राव आवरेनासा होतो.