तीस दिवसांचा निकाल आणि पंधरा वर्षांचा निकाल

हृदयातून निघालेली महारोहिणी छातीतून खाली पोटात उतरते. तेथे तिचा व्यास साधारण २ सेंटिमीटर असतो. वाढते वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब अशा कारणांनी कधी कधी तिची भिंत दुबळी होते आणि तिला फुगवटा येतो. भिंतीवरील ताण रक्ताच्या दाबाबरोबर वाढतो, तसाच नळीच्या त्रिज्येबरोबरही वाढतो. म्हणून फुगवटा जितका मोठा, तितका तो फुटण्याचा धोका अधिक. फुटल्यास बहुतेक रोगी दगावतात. आइन्स्टाइन यांचा १९५५ मधील मृत्यू असाच झाला. रुडॉल्फ निसेन यांनी १९४८ मध्ये त्यांच्या फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळले होते; तेव्हा याहून चांगला उपाय हाती नव्हता.

तो १९५१ मध्ये सापडला. पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून त्या जागी मृत व्यक्तीच्या रोहिणीचा तुकडा शिवला. पुढे त्याची जागा डेक्रॉनच्या कापडी नळीने घेतली. शस्त्रक्रिया टिकाऊ, पण मोठी. पोट उघडायचे, महारोहिणीतील रक्तप्रवाह काही काळ थांबवायचा, हे अशक्त हृदयाच्या वा फुप्फुसांच्या वृद्धाला कसे पेलावे?

मग आतूनच अस्तर लावले तर? खार्किवमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महारोहिणीत असे अस्तर बसवले. १९९० मध्ये ब्युनॉस आयर्स येथे ह्वान पारोदी यांनी तेच पोटात केले. डेक्रॉनची नळी धातूच्या जाळीदार स्टेंटला शिवायची, जांघेतील रोहिणीतून ती वर सरकवायची आणि फुग्याने स्टेंट फुलवून भिंतीला घट्ट बसवायची. रक्त नव्या नळीतून वाहते. फुगवट्यावरचा दाब उतरतो.

ही युक्ती खरोखर उपयोगी आहे का? ब्रिटनमधील ३७ रुग्णालयांत १९९९ ते २००४ या काळात याची कसोटी झाली. फुगवटा किमान ५.५ सेंटिमीटर असलेल्या आणि दोन्ही उपचार पेलू शकणाऱ्या १२५२ रोग्यांना यदृच्छेने दोन गटांत विभागले. पहिल्या ३० दिवसांत उघड्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा ४.३, तर स्टेंट-ग्राफ्टनंतर शेकडा १.८ रोगी दगावले. निकाल स्पष्ट वाटत होता.

पण मोजणी थांबली नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत एकूण मृत्यूंमधला फरक पुसला गेला होता. २०१६ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब आला, तेव्हा आठ वर्षांनंतरच्या काळात उघडी शस्त्रक्रिया झालेलेच अधिक जगत असल्याचे दिसले. कारण नळीच्या बसण्यात आहे. शिवलेली नळी भिंतीशी एकजीव होते. स्टेंट-ग्राफ्ट मुख्यतः दाबून बसवलेला असतो. भिंत पुढे रुंदावली, नळी सरकली, किंवा बाजूच्या लहान रोहिण्यांतून रक्त उलटे आले, तर फुगवटा पुन्हा भरतो आणि फुटूही शकतो. म्हणूनच अशा रोग्याची नियमित तपासणी जन्मभर करावी लागते.

येथे एक सावधगिरी हवी. त्या कसोटीतील स्टेंट-ग्राफ्ट जुन्या घडणीचे होते. अमेरिकेत ८८१ रोग्यांवर झालेल्या अशाच कसोटीचे दीर्घकालीन निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यांत दोन्ही गटांच्या आयुर्मानात ठळक फरक आढळला नाही. तरीही धडा कायम राहतो. पंचाऐंशीच्या अशक्त वृद्धाला पहिला महिना सुखरूप पार पडणे महत्त्वाचे. पासष्टीच्या धडधाकट माणसाला पुढची पंधरा वर्षे महत्त्वाची. एकच आकडा दोघांना उपयोगी नाही.

वर्गात फळ्यावर दोन वक्ररेषा काढाव्यात: आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर हयात रोग्यांचे प्रमाण. प्रारंभी एक रेषा वर, काही वर्षांनी दुसरी वर, अशा त्या एकमेकींना छेदू द्याव्यात. मग विचारावे, ‘यांतला चांगला उपचार कोणता?’ जो विद्यार्थी उत्तर देण्याआधी ‘कोणासाठी, आणि किती काळानंतर?’ असे उलट विचारील, त्याला प्रयोगाचा निकाल वाचता येऊ लागला असे समजावे.