छाप ते चोप

सिंगापूरच्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, दुपारी रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं, तर तिथं बसू नये. ती जागा कुणीतरी ‘चोप’ केलेली असते. मराठी कानाला मार बसल्यासारखं वाटेल, पण अर्थ जागा धरणं, एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखा. हा शब्द ‘चॉप’शी, म्हणजे शिक्क्याशी जोडला जातो, आणि ‘चॉप’ आला हिंदीतल्या, आपल्याही, ‘छाप’वरून! 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा ‘चॉप’ आहे. हाँगकाँगच्या कंपन्या आजही कागदावर ‘कंपनी चॉप’ उठवतात. तिथं तो पुरता कचेरीतला. सिंगापुरी ‘चोप’ मात्र जेवणाच्या घाईतला, साहेबांच्या ईमेलमध्ये सहसा न शिरणारा. लंडनच्या खाटकाकडे ‘चॉप’ मागाल, तर मांसाचा तुकडा मिळेल. ते कूळच निराळं.