नांदायला ये!

काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी वकिलाची नोटीस घेऊन घरी आली होती. नवऱ्याने ‘नांदायला ये’ म्हणून पाठवलेली. तिचा पहिला प्रश्न होता, "सर, गेले नाही तर पोलीस धरून नेतील का हो?" आज तसे होत नाही. पण एके काळी खरोखरच तुरुंग होता, आणि त्या तुरुंगाला न घाबरणारी बाई आपल्या मुंबईचीच होती.

रखमाबाई. शालेय पुस्तकात त्या डॉक्टर म्हणून एका ओळीत येतात आणि जातात. खरी गोष्ट त्याआधीची आहे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झाले, पण त्या आईकडे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या आणि शिकल्या. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये तो फेटाळला. त्यांचे म्हणणे मोठे मार्मिक होते. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो इंग्लंडातून आलेला. आणि जी कधी नांदलीच नाही, तिला ‘परत’ नांदायला कसे पाठवणार?

यावर आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. ‘केसरी’ही रखमाबाईंच्या विरोधात होता. (लोकमान्यांबद्दल मला नितांत आदर आहे, पण हे नोंदवायलाच हवे.) गंमत अशी, की धर्म म्हणून ज्याचा कैवार घेतला ती चीज विलायती होती! खुद्द इंग्लंडात या कारणासाठी तुरुंगात टाकणे १८८४ सालीच बंद झाले होते.

अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंग पत्करू, पण जाणार नाही, असे कळवले. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवले. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला आयुष्यभर रुग्णसेवा केली.

त्या वारल्या सप्टेंबर १९५५ मध्ये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम ९ मध्ये हाच दावा जसाच्या तसा येऊन बसला. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने काढून टाकला. आपण ठेवला. १९८३ साली आंध्र हायकोर्टाच्या न्या. चौधरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवले.

कैद गेली, मालमत्तेवर जप्ती तेवढी राहिली. पण ज्या बाईच्या नावावर काहीच नाही तिची जप्ती कसली? म्हणून हत्यार दुसरेच वापरले जाई : पोटगी. आधी ‘नांदायला ये’चा हुकूमनामा मिळवायचा, ती आली नाही की "हीच येत नाही, मग पोटगी कशाची?" म्हणायचे. माझ्या विद्यार्थिनीच्या नोटिशीमागेही हाच हिशेब होता, हे तिच्या वकिलाने पाचच मिनिटांत सांगितले.

म्हणून १० जानेवारी २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मी दोनदा वाचला. झारखंडातले प्रकरण. नवऱ्याने नांदण्याचा हुकूमनामा मिळवलेला, बायको गेली नाही, म्हणून हायकोर्टाने तिची दरमहा दहा हजारांची पोटगी रद्द केली होती. सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांनी सांगितले, की हुकूमनामा मोडला एवढ्यावरून पोटगी बुडत नाही. न जाण्याला पुरेसे कारण होते का, ते पुराव्यावरून पाहावे लागेल. इथे कारणे होती. तिचा गर्भपात झाला तेव्हा नवरा भेटायलासुद्धा आला नव्हता. घरातले शौचालय तिला वापरू देत नव्हते.

कलम ९ या निकालाने गेलेले नाही, तो प्रश्नच तिथे नव्हता. त्या बाईला मात्र तिचे दहा हजार थकबाकीसह परत मिळाले.